झाडलेलं अंगण

“ही माती कोणी झाडली?”

डॉ. क्रम्प यांनी आवाज चढवला नव्हता. विद्यापीठाच्या गॅलरीच्या संचालकाला शोभेल अशा नेमस्तपणेच त्यांनी विचारलं होतं. वर्नेल हॉल्सी हातातला खराटा भिंतीला टेकवत होती.

“मी,” ती म्हणाली. “काल कोणीतरी यावरून चालत गेलं होतं, डॉक्टर. अनवाणी, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरांना काही वळणच राहिलं नाही. संध्याकाळी पाहुणे येणार, आणि अंगणात पावलं उमटलेली. म्हटलं, आपणच हात फिरवावा.”

आभाराच्या दोन शब्दांची तिची अपेक्षा होती. डॉ. क्रम्प मात्र शेजारच्या बाकावर मटकन बसले.

शेवटच्या दालनात वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी तांबडी माती अंथरलेली होती. डेलोरा किन्सीने ती आपल्या आजीच्या अंगणातून ट्रकने आणली होती आणि ठोकून घट्ट बसवली होती. पलीकडच्या टोकाला आजीच्या घराच्या दाराची रिकामी चौकट उभी होती. बाकीच्या दालनांत इतर कलावंतांची कामं होती: केसांत माळायच्या मण्यांचं एक भलंमोठं व्यक्तिचित्र, न्हाव्यांच्या दुकानांतली छायाचित्रं, गंजक्या कठड्यांतून उभं केलेलं एक प्रवेशद्वार. सगळे कलावंत काळे, सगळे हयात, आणि त्यांतले तिघे याच विद्यापीठात शिकलेले.

“मिस वर्नेल,” डॉ. क्रम्प म्हणाले, “ती पावलं हेच तर काम होतं.”

वर्नेलला काही उमगेना.

“तुम्ही काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात. डेलोरानं दुपारी आजीला इथे आणलं. चाकाच्या खुर्चीतून. मिस ऑलीन शहाऐंशी वर्षांच्या आहेत. दोघांनी धरून उभं केलं, मग म्हणाल्या, सोडा मला. त्या चौकटीपासून इथवर एकट्या चालल्या. अकरा पावलं. कामाची माहिती देणारी पाटी अजून माझ्या टेबलावरच आहे, तुम्हाला कळणार तरी कसं?”

“मग त्यांना पुन्हा एकदा—”

“आज पहाटे त्यांचा उजवा पाय कापला. साखरेच्या आजारानं खाल्ला होता. डेलोरा रुग्णालयातच आहे. तीनला येईल.”

वर्नेलने मातीकडे पाहिलं. खराट्याच्या काटक्यांनी उठवलेले अर्धगोल एकात एक गुंतले होते, एखाद्या बाईने पंख्यांची रांग मांडून ठेवावी तसे. आईने शिकवल्याप्रमाणे ती मागे मागे सरकत झाडत आली होती, आपलं स्वतःचं पाऊलही मागे उरू नये म्हणून. लहानपणी दर शनिवारी हेच काम असे. अंगणात गवताची काडी दिसली तर आई परत पहिल्यापासून झाडायला लावी. कोण आलं, कोण गेलं हे अंगणाने चारचौघांना सांगू नये, असं ती म्हणायची.

चोवीस वर्षं वर्नेल या गॅलरीत होती. दाराशी खुर्ची टाकून बसायचं, मुलांना चित्रांपासून हातभर लांब ठेवायचं, कोणी विचारलं तर कोणतं काम कुठे आहे ते सांगायचं. एवढ्या वर्षांत तिने एकाही कामाला बोट लावलं नव्हतं. एकदा अर्धी जळलेली खुर्ची मांडली होती, तिच्यावरची राखसुद्धा तिने तीन महिने जपली होती. आज मात्र तिचा हात थांबला नाही. समोरचं काम तिला काम वाटलंच नव्हतं. ते घर वाटलं होतं.

डॉ. क्रम्प उठून दालनाचं दार लावून आले. मग त्यांनी फोन काढून तिच्यासमोर धरला.

“काल मी फोटो काढले होते. सगळी अकरा पावलं आहेत यात. कुठून कुठे, किती अंतरावर, सगळं दिसतं.” त्यांची नजर तिच्या बुटांकडे गेली. “तुमचा पाय केवढा आहे?”

वर्नेलने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

“माझ्याकडे असं बघू नका. मी माझं घोडं दामटत नाहीये. त्या पोरीला आज आणखी एक धक्का द्यायचा का, एवढंच विचारतोय. आजीचा पाय गेला, आता हेही गेलं म्हणून सांगायचं? पाच मिनिटांचं काम आहे, मिस वर्नेल. तुम्ही, मी आणि वरचा देव.”

“देवाला यात कशाला ओढता,” ती पुटपुटली. पण तिने खुर्चीत बसून बूट काढले, मोजे काढले आणि ते बुटांत खोचले. पोरीवर दया करण्याची ही एकच वाट असेल तर तिला ती नाकारायची नव्हती. शिवाय भीती होती. ती तिने स्वतःपासून लपवली नाही. या खुर्चीवाचून तिचा दिवस कसा उगवेल आणि कसा मावळेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

फोटोत पावलं स्पष्ट होती. डावं सरळ पडलेलं. उजवं बाहेर वळलेलं, टाचेमागे फरफटल्याची रेघ. उजव्याला तीनच बोटं होती.

चौकटीतून वाकून ती आत गेली आणि तिने उजवा पाय मातीवर टेकवला. माती गार होती. पाय उचलून तिने खाली पाहिलं. पाच बोटं, रुंद तळवा, खोल टाच.

“बोटं,” डॉ. क्रम्प कडेवरून म्हणाले, “शेवटची दोन बोटं जरा वर मुडपून धरली तर...”

त्यांचं वाक्य तिथेच विरलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसण्यासारखं काही नसताना पुसत राहिले.

“खराटा द्या इकडे,” वर्नेल म्हणाली.

तिने ते एक पाऊल झाडून टाकलं, शेजारच्या पंख्यांशी जुळवून घेतलं आणि बाहेर येऊन मोजे चढवले.

“मी सांगेन तिला.”

“तिनं तुम्हाला काढा म्हटलं, तर मला अडवता येणार नाही.”

“अडवू नका.”

तीनपर्यंतचा वेळ तिने आपल्या खुर्चीत काढला. बाहेरच्या दालनात दोन बायका टेबलावर पांढरं कापड अंथरून पाउंड केकचे तुकडे मांडत होत्या. “मिस वर्नेल, एक खाऊन बघा की,” त्यातली एक म्हणाली, “का आमच्या हातचं चालत नाही?” वर्नेलने मान हलवली.

डेलोरा आली ती कालच्याच कपड्यांत. चौतिशीची उंच मुलगी, डोळ्यांखाली काळं. ती सरळ शेवटच्या दालनात गेली. वर्नेल तिच्या मागोमाग गेली. डॉ. क्रम्प बोलायला पुढे सरले, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

“मिस किन्सी, मी वर्नेल हॉल्सी. सकाळी मी हे झाडलं. पावलं कोणाची ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून चूक लहान होत नाही.”

डेलोरा बराच वेळ मातीच्या कडेला उभी राहिली. मग खाली वाकली, हात पुढे केला आणि न टेकवताच मागे घेतला.

“एकही ठेवलं नाहीत?”

“नाही, मॅम.”

“दाराजवळचंही नाही?”

“तिथूनच सुरुवात केली होती.”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं झाडायला?” आता तिचा आवाज फाटला. “इथे एवढी माणसं पगार घेतात, आणि नेमकं आजच तुमच्या हाताला काम सुचलं?”

सांगण्याजोगं जे होतं ते वर्नेलने सांगून टाकलं होतं.

डेलोरा जमिनीवरच बसली, पाठ भिंतीला लावून. मग ती बोलली ती मातीशी बोलल्यासारखी.

“काल इथून जाताना आजी गाडीत माझ्याशी भांडत होती. म्हणे, लोक यायचेत आणि तू माझ्या अंगणात पावलं तशीच ठेवणार? माझ्या आईनं बघितलं असतं तर तुझी पाठ फोडली असती. आज शुद्धीवर आली. पायाचं काही विचारलं नाही. विचारलं काय, तर झाडलंस का. मी म्हटलं, हो, झाडलं.” तिने तळहाताने डोळे दाबले. “तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते मी.”

तिने मान वर करून वर्नेलकडे पाहिलं.

“म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका,” ती म्हणाली.

“नाही समजत.”

“डॉक्टर, पाटी लावा. होती तशीच. एक शब्द बदलायचा नाही.” ती उठली, कपड्यांवरची माती मात्र तिने झटकली नाही. “मी परत रुग्णालयात जातेय. लोक विचारतील, पावलं कुठायत. यांनी इथे उभं राहायचं आणि सांगायचं. प्रत्येकाला.”

सहा वाजता दारं उघडली. सव्वासहाला निळी टोपी घातलेली एक वयस्क बाई शेवटच्या दालनात आली. तिने पाटी सावकाश वाचली: ऑलीन किन्सी, वय शहाऐंशी, अकरा पावलं. मग मातीभर नजर फिरवली, एकदा, पुन्हा एकदा.

“पावलं कुठे दिसत नाहीत, पोरी.”

वर्नेल खुर्चीत बसली नव्हती. हात पुढे जुळवून ती चौकटीशेजारी ताठ उभी होती.

“मी झाडली, मॅम,” ती म्हणाली. “आज सकाळी आठ वाजता.”

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या एकात एक गुंतलेल्या पंख्यांकडे. आपल्या बुटाची धूळ मातीवर पडू नये म्हणून ती नकळत अर्धं पाऊल मागे सरकली, आणि तिच्या मागून आलेल्या माणसांनाही तिने हाताने तिथेच थोपवून धरलं.