डचेसची वरात

टेकडीपलीकडे वणवा धडधडत होता आणि ऑरविलकाका पडवीत बसून मका सोलत होते, जसे काही पाहुणे जेवायला यायचेत. मार्लिसने ट्रक अंगणात घेतला, मागचा जनावरं न्यायचा ट्रेलर उघडला आणि कपाळाला हात लावला.

मार्लिसचा जन्म गेला शाळेची बस चालवण्यात. निवृत्त झाल्यावर तिने जिल्ह्याच्या प्राणी बचाव पथकात नाव घातलं. आग, पूर, कोंबड्यांची साथ, काहीही येवो, ही पिवळं जाकीट चढवून हजर. सोबत इमेल्डा, जनावरांची डॉक्टर, तीही बिनपगारी.

काकांची डुकरीण म्हणजे डचेस. आता तिचं काय सांगावं! उन्हाळ्यात तिच्या सावलीत चौघं पत्ते खेळायचे, आणि ती शिंकली की खालच्या गावात लोक छत्र्या उघडायचे.

पोलिसांनी नाक्यावरच बजावलं होतं, वारा फिरला की रस्ता बंद. काकांचं एकच टुमणं, डचेस आली तर मी येतो, नाहीतर दोघंही इथेच. आणि डचेस काही हलेना. सफरचंदं दाखवली, ती खाल्ली. गोड पाव दाखवला, तोही खाल्ला. ढकललं तर सरळ मार्लिसच्या बुटावर बसली. काका गालातल्या गालात हसत होते. मार्लिसला ते हसू खटकलं. डोक्यावर धूर आलाय आणि हा माणूस खूश कसा?

इमेल्डाला प्रशिक्षणातली युक्ती आठवली. डुकराच्या तोंडावर बादली घातली की ते मागे मागे सरकतं. म्हणजे शेपटीची बाजू ट्रेलरकडे करायची, की झालं. पण बादली डचेसच्या नाकावर टोपणासारखी बसली. मग मार्लिस घरात घुसली आणि काकांच्या दिवंगत बायकोचं, हेझेलचं, टोमॅटो उकळायचं थोरलं पातेलं घेऊन आली. ते मात्र फिट्ट बसलं. डचेस निघाली मागे मागे, इमेल्डा शेपूट धरून दिशा देतेय. वाटेत कुंपण गेलं, टपालपेटी गेली, पण बाईसाहेब राणीच्या थाटात ट्रेलरमध्ये शिरल्या. मार्लिसने दार लावलं.

काकांचं हसू मावळलं.

"न्या तिला," ते हळूच म्हणाले. "मी घर बघतो."

तेव्हा मार्लिसच्या डोक्यात प्रकाश पडला. डुकरीण अडली होती तेच त्यांना हवं होतं. हेझेलच्या घरातून त्यांचाच पाय निघत नव्हता. समजूत घालायला वेळ कुठला? तिने चेहरा गंभीर केला.

"काका, एक भानगड आहे. एवढ्या मोठ्या डुकरिणीला वाटेत ओळखीचा आवाज लागतो. नाहीतर धसका घेते आणि तिथेच आटोपतं. हो की नाही गं, डॉक्टर?"

इमेल्डाने असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. "पुस्तकात पहिल्याच पानावर आहे," ती म्हणाली.

"थापा मारतेस, पोरी."

"मारते," मार्लिस म्हणाली. "पण खरं निघालं तर?"

काकांनी घराकडे पाहिलं, ट्रेलरकडे पाहिलं. मग घराचं दार ओढून घेतलं, कडीवर क्षणभर हात ठेवला आणि पाय ओढत येऊन ट्रकमध्ये बसले. मागची काच सरकवून ते डचेसशी बोलायला लागले. शेजाऱ्याच्या बायकोपासून बटाट्याच्या पिकापर्यंत सगळं.

पहिल्याच वळणावर डचेस घोरायला लागली. नाक्यावरच्या पोलिसाला वाटलं, ट्रकचं इंजिन बिघडलंय. काका बोलतच होते.