मधली चित्रं

देणाऱ्याने माणसाला डोळे दिले आणि वर पापण्याही दिल्या, ही त्याची केवढी दया! सदासर्वकाळ बघत राहायची सक्ती त्याने आपल्यावर केली नाही. पण ज्याचं एकच काही बघायचं राहिलेलं असतं, त्याला ही दया कशी कळावी? त्या घरातल्या आईचं एकच बघायचं राहिलं होतं. मुलाचा चेहरा.

मुलगा म्हणजे भुंगा. कागदोपत्री नाव दुसरं होतं, पण दिवसभर तोंड मिटून काहीतरी गुणगुणत घरभर फिरायचा, म्हणून सगळ्यांनी त्याचा भुंगा केला. ऐन तारुण्यात एका संध्याकाळी त्याने पायांत चपला सरकवल्या, "आलोच" म्हणाला आणि दाराबाहेर पडला. त्या 'आलोच'ला आता पुष्कळ वर्षं झाली. शोधायचं तिथे शोधून झालं, विचारायचं त्याला विचारून झालं. तेव्हापासून आई झोपेपर्यंत त्या दाराला कडी लागत नसे.

फोटो म्हणाल तर मोठेपणीचा एकही नाही. कॅमेरा दिसला की हा पाठ फिरवायचा. लहानपणीचा एक होता, त्यात तो भोकाड पसरून रडत होता. उरली होती ती मामाने काढलेली कॅसेट. या घरात राहायला आले त्या दिवशी मामा व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर टाकून खोल्याखोल्यांतून हिंडला होता. त्यात भुंगा होता, एकदाच, बाहेरच्या खोलीच्या याच दारात. मामा हाक मारतो, तो वळतो, वळता वळताच तोंडापुढे हात धरतो आणि तसाच बाहेर जातो. आईचं म्हणणं, जाता जाता त्याने हात खाली केला होता आणि तो हसला होता. ताईचं म्हणणं, केला नव्हता. या एका गोष्टीवरून मायलेकींचं कधी पटलं नाही.

ताई म्हणजे भुंग्याची थोरली बहीण. ती रफूचं काम करायची. ठिणगीने जळलेला कोट असो की कसरीने खाल्लेला स्वेटर, ताईच्या हातून गेला की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे. पण आईच्या डोळ्यांना काही ती रफू करू शकत नव्हती. काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंनी पडदे सरकत येतात तसं हे असतं. मध्ये फट उरली आहे तोवर जे बघायचं ते बघून घ्या, गेलेली नजर परत येत नाही. त्याच आठवड्यात ताईने स्टुडिओवाल्याकडून कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि निम्मी भिंत व्यापेल एवढा नवा चपटा टीव्ही आणला. आईच्या फटीतून अख्खा पडदा एका वेळी दिसावा म्हणून सोफा पार मागच्या भिंतीला नेऊन लावला.

टीव्ही लावायला आलेला मेकॅनिक बोलका होता. पहिलं चित्र लागलं आणि आई हिरमुसलीच. पडद्यावर ती आणि ताई डबे-गाठोडी घेऊन चालल्या होत्या, पण दोघी दोन पिंपं दिसत होत्या.

"आपण एवढ्या जाड कधी होतो गं? तेव्हा तर घरात खायची मारामार."

मेकॅनिकने समजावलं, मावशी, तुम्ही जाड नाही, जुनं चित्र चौकोनी आणि पडदा लांबोडा, म्हणून ताणलं गेलंय. त्याने रिमोटवर काहीतरी दाबलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मध्ये माणसं माणसांसारखी झाली. मग म्हणे, दुकानात शेजारच्या टीव्हीवर मात करायला रंग भडक ठेवतात; घरी आणल्यावर लग्न लागलेल्या नवरीसारखा सगळा मेकअप उतरवायचा असतो. त्याने भडकपणा उतरवला. कडांवरची कृत्रिम धार कमी केली. खिडकीचं प्रतिबिंब काचेवर पडत होतं, तर पडदा ओढायला लावला. भिंतीचा रंग ओळखीचा झाला, आईच्या पातळाचा काठ दिसू लागला. ताईला वाटलं, अडगळीतून काढलेलं कापड कुणी हलक्या हाताने धुऊन दिलं.

"आता एवढं एक बंद केलं की झालं," मेकॅनिक म्हणाला. एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर जाताना हा टीव्ही मधली चित्रं आपल्या मनाने बनवून घालतो. त्यामुळे हालचाल लोण्यासारखी दिसते, पण ती चित्रं मुळात कुणी काढलेलीच नसतात.

"म्हणजे रफूच की," ताई म्हणाली.

त्याला ते आवडलं. रफूच म्हणा, म्हणाला. तेवढ्यात पडद्यावर मामाची हाक आली आणि भुंगा दारात वळला. नेहमीसारखा हात वर गेला. पण नेहमीसारखा झटक्यात नाही. पाण्यातून उचलावा तसा संथ. आणि पुरता वर जाऊन तो किंचित खाली आला.

"थांबा," आई म्हणाली. "बंद नका करू."

मेकॅनिकने परोपरीने सांगितलं, चांगलं चित्र हवं असेल तर हे बंदच बरं. आईने ताईकडे पाहिलं. ताईने विचारलं, हे आणखी वाढवता येतं का? येतं, पण कशाला? तरी तिने ते शेवटच्या खुणेपर्यंत वाढवून घेतलं. इथेच ताई चुकली, आणि ही चूक रफूवालीनेच करावी अशी होती. भोक दिसलं की भरल्याशिवाय तिच्या हाताला चैन पडत नसे. मेकॅनिकने खांदे उडवले, बंद कुठून करायचं ते दाखवून ठेवलं आणि पुढच्या घरी गेला.

दुपारभर मायलेकी तेवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन बघत राहिल्या. दर वेळी हात जरा जास्त खाली यायचा. आधी कपाळ दिसलं. मग भुवया.

"नाक बघ, नाक," आई पुटपुटली. "बापाचंच नाक. मी सांगत नव्हते तुला?"

उन्हं कलली तेव्हा हात हनुवटीखाली आला होता आणि भुंगा हसत होता. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पुसण्यापुरतीसुद्धा ती नजर हलवत नव्हती. ताईचंही काळीज भरून आलं. तिने चित्र थांबवलं, कामाच्या डब्यातलं रफूचं भिंग घेतलं आणि भावाचा चेहरा जवळून बघायला पडद्यापाशी गेली.

कानशिलावर केस पिकलेले होते. डोळ्यांखाली कातडी सैल पडली होती. कॅसेट काढली तेव्हा भुंग्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं.

ताईने भिंग खाली घेतलं. रफूला धागा बाहेरून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढतात, तरच तो कपड्यात मिसळतो. त्या कॅसेटच्या कुठल्याही शिवणीत हा पिकलेला केस नव्हता. मग टीव्हीने हा धागा आणला कुठून?

ती मागे येऊन सोफ्यावर आईला चिकटून बसली. चित्र पुढे सरकवलं. पडद्यावरची तरुण आई गाठोडं ठेवत होती, तरुण ताई केर काढत होती, जशा दुपारपासून करत होत्या तशाच. फक्त भुंगा आता बाहेर जात नव्हता. तो आत तोंड करून उंबऱ्यावर उभा होता. मामाच्या आवाजाखाली, भांड्यांच्या खणखणाटाखाली, बारीक गुणगुण ऐकू येत होती.

ताईने आवाज बंद केला. मामाचा आवाज गेला. भांड्यांचा गेला. गुणगुण राहिली.

"आई, मी ते बंद करते," ती म्हणाली.

मेकॅनिकने दाखवलं होतं तिथून ताईने मधली चित्रं घालणं बंद केलं आणि तुकडा पहिल्यापासून लावला. चित्र लख्ख होतं. दाराच्या चौकटीवरचे खिळेसुद्धा मोजून घ्यावेत इतकं लख्ख. कॅमेरा दाराकडे वळला आणि कुणाची तरी वाट पाहावी तसा तिथे थांबला. दारात कोणी नव्हतं. ना हात, ना पाठ. कॅमेरा थोडा वेळ थांबला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेला.

ताईने पुन्हा लावून पाहिलं. दार रिकामं.

"आई," ती म्हणाली, "गेला गं. मी घालवला त्याला." आता आईला काय दाखवायचं, या विचाराने तिचा जीव अर्धा झाला.

पण आईचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. ते खोलीच्या दाराकडे होतं, त्या कडी न लावलेल्या दाराकडे. उरलेल्या फटीत मावेल एवढं काहीतरी ती एकटक बघत होती आणि तिची मान हळूहळू वळत होती, दारापासून सोफ्याकडे, चालत येणाऱ्या कुणामागोमाग वळावी तशी.

"किती पिकलाय गं," आई म्हणाली. आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. पोर उन्हातून खेळून आल्यावर असते तशी नुसती माया होती. "तू जरा पलीकडे सरक. त्याला बसू दे."

ताई सरकली. तिला विचारायचं होतं, हाताला धरून आईला उठवायचं होतं, पण अंगाने आधीच आईचं ऐकलं होतं. दोघींच्या मध्ये जागा झाली. सोफ्याची गादी हळूच दबली. आईने हात उचलला, चाचपडत पुढे नेला आणि तो हवेतच, माणसाच्या गालाच्या उंचीवर, टेकल्यासारखा थांबला.

गुणगुण बंद झाली. घरी पोचलेल्या माणसाची होते, तशी.

"झालं बघून," आई म्हणाली आणि पोटभर जेवल्यासारखा श्वास सोडून तिने पापण्या मिटल्या.

ताईची नजर धडधाकट होती. समोर टीव्हीवर रिकामं दार लख्ख दिसत होतं. ती तिकडेच बघत राहिली. शेजारी तिने मान वळवली नाही.