देव खर्ड्याला गेला

सिनेमाचं नाव लक्षात ठेवायची भानगड मिरजगावात कुणी केली नाही. लोकांनी खेळांच्या चार जाती करून टाकल्या होत्या: देवाचा, हाणामारीचा, रडारडीचा आणि नाचगाण्याचा. आसाराम हलगीवाला टांग्यात बसून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर तसंच ओरडत जायचा. मिरजगावला देवाचा खेळ, कर्जतला रडारडीचा, खर्ड्याला हाणामारीचा, ज्याला जे सोसंल त्यानं ते बघावं. बोर्डावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही नव्हतं, त्यामुळं सगळं सुरळीत चाललं होतं.

सत्तेचाळीस सालची गोष्ट आहे. शिमगा होऊन गेला होता. या तिन्ही गावचे सिनेमाचे तंबू नगरच्या आबासाहेबांचे, आणि मिरजगावच्या तंबूचं मशीन चालवायचा गनीभाई. चाळिशीचा, वाळका, सदा कपाळाला आठी. मशीनपुढं उभा राहिला की मात्र आठी मोडायची. त्याची बायको बद्रुन्निसा बायकांच्या बाजूच्या दाराशी बसायची. त्यांची आठ वर्षांची लेक बानू खेळ सुरू झाला की राहीबाईच्या मांडीवर जाऊन बसायची. राहीबाई गावातली म्हातारी. तिनं तंबू उभा राहिल्यापासून देवाचा एकही खेळ चुकवला नव्हता, आणि बानूनं कुठं टाळी वाजवायची आणि कुठं हात जोडायचे हेही तीच शिकवायची.

दर शुक्रवारी खेळ बदलायचा. एका तंबूतला खेळ सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून दुसऱ्या तंबूत जायचा. एका खेळाच्या दोन लोखंडी पेट्या. पहिलीत मध्यंतरापर्यंतची रिळं, दुसरीत पुढची. पेट्या सगळ्या एका घडणीच्या, वरचे कागद कधीच फाटून गेलेले. गनीभाईची अक्षरओळख बेताचीच, म्हणून त्यानं आपली एक रीत पाडली होती. देवाच्या दोन्ही पेट्यांच्या कड्यांना पिवळी चिंधी बांधायची, बाकीच्या मोकळ्या. देवाची पेटी ओळखू आली म्हणजे झालं, हाणामारीचं कोण विचारतो.

आणि देवाच्या पेटीचा मान काय सांगावा. मोटारीतून उतरली की बायका हळदकुंकू घेऊन हजर. पेटीला हार, पेटीपुढं उदबत्ती. खेळाच्या आधी पडद्यापुढं आरती, नारळ. राहीबाई तर मशीनलाही कुंकू लावायची आणि गनीभाईच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून म्हणायची, तुझ्या हातनं देव दिसतो बाबा, खा. गनीभाई खोबरं खायचा आणि मशीन सुरू करायचा. यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या गुरुवारी देवाचा नवा खेळ आला. शुक्रवारी भल्या पहाटे खर्ड्याकडं जाणारी मोटार दारात येऊन भोंगा वाजवायला लागली. त्या ड्रायव्हरला दम म्हणून नव्हताच. गनीभाई झोपेतून उठला, हाताला लागल्या त्या दोन बिनचिंधीच्या पेट्या टपावर चढवल्या आणि परत आडवा झाला. हाणामारीचा खेळ खर्ड्याला गेला, एक काम हातावेगळं झालं.

दुपारची नमाज झाल्यावर तो रिळं तपासायला बसला. पहिली पेटी ठीक. दुसरीच्या कडीला चिंधी नव्हती. गळून पडली असेल म्हणून त्यानं झाकण उघडलं, वरचं रीळ काढलं आणि हातभर फीत उजेडाकडं धरली. मुकुट दिसायचा तिथं तोंडाला फडकं बांधलेला घोडेस्वार चाबूक उगारून बसला होता. गनीभाईनं दुसरं रीळ काढलं. तिसरं काढलं. सगळीकडं तोच मेला घोडा. तो पेटीवर मटकन बसला.

देवाच्या खेळाचा पुढचा अर्धा भाग खर्ड्याला गेला होता. आणि पुढचा भाग म्हणजे कोणता? पहिल्या भागात राणीवर नाही नाही ते प्रसंग येतात, तिचं तान्हं बाळ सवत पाण्यात सोडते. देव येतो तो मध्यंतरानंतर. दहा-दहा कोसांवरनं बैलगाड्या जुंपून, उपास धरून लोक निघाले होते ते त्या दर्शनासाठी. खेळ बंद ठेवावा तर गाड्या सकाळपासून वाटेला लागलेल्या. आणि खेळ बंद राहिला तर तोंड दाखवायला येऊ नको, असं आबासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलेलं.

नोकरीची धास्ती त्याला पहिल्यांदा वाटली, खोटं कशाला बोला. पण तिच्यामागून दुसरी आली आणि तिनं पहिलीला बाजूला सारलं. चार दिवसांपूर्वी तो न्हाव्याकडं दाढीला गेला होता. तालमीचा वस्ताद भिमाजी तिथं पेपर मोठ्यानं वाचत होता. पंजाबात गावंच्या गावं पेटल्याची बातमी होती. गनीभाई दारात दिसला तसा भिमाजी वाचायचा थांबला, पेपरची घडी घातली आणि पावसापाण्याचं बोलायला लागला. तेव्हापासून ती घडी गनीभाईच्या मनातून जात नव्हती. चूक करणारा दुसरा कुणी असता तर लोकांनी चूक म्हटली असती. आपली चूक ते काय म्हणतील? मुसलमानानं देव लपवला, देवाच्या जागी चाबूकवाला उभा केला, असं एकानं म्हटलं की संपलं.

त्यानं आसारामला गाठलं. टांगा तसाच कर्जतला ने, तिथल्या तंबूवर सांग, रातोरात खर्ड्याला निरोप जाऊ दे की देवाची पेटी चुकून तिकडं आलीय, उद्या दुपारच्या मोटारीनं धाडा. आसाराम निघाला तेवढ्यात तो म्हणाला, बानूलाही घेऊन जा, तिच्या मामाकडं, चांदभाईकडं सोड. का ते आसारामनं विचारलं नाही. बानूनं मात्र विचारलं. तिनं देवाच्या खेळासाठी नवं पोलकं घातलं होतं, केसात राहीबाईनं दिलेलं झेंडूचं फूल होतं. मामीची तब्येत बरी नाही, असं काहीतरी गनीभाईनं सांगितलं. पोरगी रडत टांग्यात चढली.

बद्रुन्निसा हे सगळं कनातीला टेकून बघत होती. तिलाही जा म्हणाला तेव्हा ती जागची हलली नाही.

"मी गेले तर दाराशी कोण बसणार? दार रिकामं दिसलं की गावाला कळेल आपण भ्यालोय ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोरीला धाडायला नको होतं."

गनीभाई खेकसला, तुला काय कळतंय, पेपरात काय येतंय ते ऐकलंस का.

एक आशा उरली होती. खर्ड्याच्या तंबूचा ऑपरेटर फक्रुद्दीन जर सकाळीच पेट्या उघडून बसला असेल तर चूक त्याच्या ध्यानात येईल आणि संध्याकाळच्या मोटारीनं पेटी परत येईल. पण फक्रुद्दीनची सकाळ दुपारी चारला व्हायची, हे तिन्ही तंबूंना ठाऊक होतं. तरी गनीभाई सहा वाजता मोटारीच्या टपावर स्वतः चढला. मिरच्यांची पोती होती, कोंबड्यांचं खुराडं होतं, कुणाची तरी वळकटी होती. ती सगळी त्यानं दोनदा उचलून बघितली. ड्रायव्हर खालून शिव्या घालायला लागला तेव्हा उतरला.

तंबू त्या दिवशी इतका भरला की कनाती बाहेरून धरून ठेवाव्या लागल्या. पुरुषांच्या बाजूला अगदी पुढं भिमाजी आणि त्याची तालमीतली पोरं, मांड्या ठोकून बसलेली. आरती झाली. राहीबाई नेहमीसारखी मशीनपाशी आली, कुंकू लावलं, खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तो त्यानं तोंडात टाकला. बानू कुठं दिसंना, असं ती म्हणाली खरी, पण तेवढ्यात बाहेरच्या विजेच्या इंजिनाचा आवाज वाढला आणि गनीभाईनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

मशीन एकच. दर रिळाला थांबून नवं रीळ चढवावं लागायचं. एरवी तो हे काम विडी विझायच्या आत करायचा, आज प्रत्येक रिळाला त्यानं जेवढा लावता येईल तेवढा वेळ लावला. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पडद्यावर राणी टाहो फोडत होती, बायकांच्या बाजूनं हुंदके येत होते, कुणी म्हातारा मोठ्यानं देवाला हाका मारत होता की आता तरी ये रे बाबा. सवतीनं बाळ पाण्यात सोडलं, सहावं रीळ संपलं, दिवे लागले.

आता पुढची पेटी मुकाट्यानं लावावी आणि मागच्या मागं पळून जावं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण दाराशी बद्रुन्निसा बसली होती. तो गॅसबत्ती हातात घेऊन पडद्यापुढं जाऊन उभा राहिला. असा तो कधी पुढं येत नसे, म्हणून तंबू आपोआप गप्प झाला. दुपारपासून पाठ केलेलं असावं तसं तो एका दमात बोलला. पेट्या मी चिंधीवरनं ओळखतो, एकीची चिंधी गळाली आणि पेट्या बदलल्या. चूक माझी आहे. मोटारवाल्याची नाही, मालकाची नाही.

"देव खर्ड्याला गेला," तो म्हणाला.

मागून कुणीतरी ओरडलं, फसवणूक हाय. दुसरा म्हणाला, चार कोस चालत आलो आमी. गलका वाढत चालला तसा भिमाजी उठून उभा राहिला. गनीभाईनं गॅसबत्ती छातीशी धरली. बत्तीची धग लागत होती तरी ती त्याला सोडवेना.

"परत कवा येनार?" भिमाजीनं विचारलं.

"उद्या दुपारच्या मोटारीनं."

तेवढ्यात बायका-पुरुषांच्या मधल्या दोराच्या पलीकडून राहीबाई उठली. डोक्यावरचा पदर सावरून ती मोठ्यानं म्हणाली, "त्याला कशाला बोलता? म्या केलंय ते. काल हळदकुंकवाला आले तवा देवाच्या एका पेटीची पिवळी चिंधी म्या सोडून नेली. नातवाला ताप भरलाय, त्याच्या मनगटाला बांधली. देवाची हाय म्हनून नेली. त्या चिंधीवरनं हा पेट्या वळखतो, मला काय म्हाईत?"

मग भिमाजीच हसला. ताप उतरला का, असं त्यानं विचारलं, आणि म्हातारी म्हणाली, उतरला की, सकाळी भाकर मागत हुता. मग मात्र सगळा तंबू खदखदा हसायला लागला. एकजण म्हणाला, आपला देव खर्ड्याच्या मारामाऱ्या मिटवायला गेलाय. बाळ पाण्यात हाय तवर उद्यापर्यंत कुनी निजू नका, असं दुसऱ्यानं सांगितलं. भिमाजीनं निकाल देऊन टाकला की लांबच्या गाड्या आज तालमीच्या पटांगणात सुटतील, देव उद्या बघू, आणि आलोच हावोत तर तुझा तो दुसरा खेळ लाव, बघू तरी कोन कुनाला हानतंय ते.

एवढंच झालं. गनीभाई मशीनपाशी परत आला. बद्रुन्निसा दारावरून उठून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली होती. दोघांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं. त्यानं चाबूकवाल्याचं रीळ चढवायला घेतलं, तोच राहीबाई आली. तिच्या मुठीत आरतीचा प्रसाद होता, खोबरं आणि खडीसाखर.

"बानूला दे म्हनून ठिवलाय कवापासनं. कुठं हाय ती?"

गनीभाई म्हणाला, मामाकडं गेलीय, कर्जतला, मामीची तब्येत बरी नाही. सकाळी पोरीच्या केसात फूल राहीबाईनंच खोवलं होतं आणि मामी ठणठणीत असल्याचंही तेव्हाच पोरीकडून ऐकलं होतं. तिनं बद्रुन्निसाकडं पाहिलं.

"भ्यालो आम्ही, राहीबाई," बद्रुन्निसा म्हणाली.

"कुनाला?"

बद्रुन्निसानं नवऱ्याकडं पाहिलं. राहीबाईनं तोच प्रश्न गनीभाईला विचारला. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"कोन मारनार हुतं तुझ्या पोरीला? नाव सांग की त्याचं. हितंच बसला आसंल."

गनीभाईनं तंबूवर नजर फिरवली. भिमाजी मागं वळून पोरांना काहीतरी सांगत होता आणि पोरं हसत होती. न्हावी बसला होता, गूळवाला होता, रोज दूध घालणारी बाई होती. एकेका चेहऱ्यावर तो थांबला आणि पुढं गेला. सांगायला एकही नाव त्याच्या जिभेवर येईना.

राहीबाईनं प्रसाद पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली.

"हा तिच्याच हातात दीन," ती म्हणाली, आणि बायकांच्या बाजूला आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या शेजारची बानूची जागा तिनं कुणाला दिली नाही.

लोक पडद्याकडं तोंड करून खेळ कधी सुरू होतो याची वाट बघत होते. गनीभाईच्या हातात रीळ तसंच होतं.