विहिरीपर्यंत पोचणारं भिंग

फ्रेम १

खुशालराव पाटलांनी आडनावापलीकडं काही विचारलं नाही, तिथंच शेषराव तायडेच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. वऱ्हाडात माणूस आधी गाव विचारतो, मग कोणत्या अंगाचे म्हणून विचारतो, आणि मग पाण्याचा तांब्या पुढं करायचा की नाही ते ठरवतो. तायडे हे आडनाव गावाच्या दोन्ही टोकांना सापडतं, पाटलांच्या आळीतही आणि छप्पन साली बौद्ध झालेल्यांच्या वस्तीतही. पाटलांनी नुसतं "तायडे, बरं बरं" म्हटलं आणि खुर्चीत बसले. त्यांच्या मागं पडद्यावर रंगवलेला चिखलदऱ्याचा धबधबा होता. धबधब्यासमोर असा निवांत बसलेला माणूस शेषरावच्या अमरावतीच्या स्टुडिओत त्याआधी आला नव्हता.

अकोल्याला फोटोच्या सामानाचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं. मुंबई-नागपूरचे दुकानदार येणार होते. पाटलांची चांदूर बाजारच्या पुढं संत्र्याची मोठी बाग, त्यांना कॅमेरा घ्यायचा होता, आणि पारखायला जाणता माणूस हवा होता. गाडीभाडं आणि जेवण त्यांचं. फेब्रुवारी महिना होता, सन त्रेसष्ट.

शेषराव हो म्हणाला. दुकानदारांची टेबलं नुसती पाहायला मिळाली असती तरी तो पायी गेला असता.

फ्रेम २

कापसाच्या एका जिनातलं रिकामं गोदाम झाडून घेतलं होतं, तरी कोपऱ्याकोपऱ्यात सरकीचा वास होता. फोटो मोठा करायची यंत्रं, तिपाया, फ्लॅशचे बल्ब, पत्र्याच्या डब्यातली रसायनं. अचलपूरचा एक म्हातारा फोटोग्राफर प्रत्येक कॅमेऱ्याचं बटण दाबून कान लावून ऐकत होता, जसं कोणी कलिंगड वाजवून पाहावं. शेषरावला दोन घटका आपण कोणाबरोबर आलो आहोत याचा विसर पडला.

मग त्याला पाटलांचा आवाज ऐकू आला. पाटील कॅमेऱ्याची किंमत विचारत नव्हते, कंपनी विचारत नव्हते.

दोनशे पावलांवरून माणूस ओळखू येते का?

झाडाच्या आडून?

उजाडता उजाडता, सूर्य वर यायच्या आधी?

अन् पाठमोरा असला त?

मुंबईच्या दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक शिकारी आहे. त्यानं हसून विचारलं, की शेठ, हरीण आहे की रानडुक्कर.

"दोन पायाचं हाय," पाटील म्हणाले, आणि दुकानदारापेक्षा जास्त हसले.

फ्रेम ६

गोदामाबाहेर चहा पिता पिता पाटलांनी सगळं सांगितलं. आवाजात राग नव्हता. घरचं लग्न ठरल्याचं सांगावं तसं सांगितलं.

गावातल्या बौद्धांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं त्यांना विहीर बंद केली. तीन वर्षं झाली. आता त्यांच्या बाया पहाटे पाटलांच्या बागेतल्या विहिरीवर येतात आणि उजाडायच्या आत पाणी घेऊन जातात. राखणदाराला दोनदा पाळतीवर बसवलं, तो कोणाचं नाव सांगत नाही. त्यांचा देवमन नावाचा एक मास्तर आहे, तो विहिरीसाठी कलेक्टरकडं अर्ज करत असतो. मारहाण करावी तर तोच अर्ज वजनदार होतो. म्हणून फोटो. तोंडं दिसतील असे फोटो, आणि चोरीचा गुन्हा.

"लाठीनं माणूस मोठा होते, शेषराव," पाटील बशी खाली ठेवत म्हणाले. "फोटोनं लहान होते."

शेषरावची सख्खी बहीण मनकर्णा त्याच वस्तीत दिली होती. तीन वर्षं ती त्याच विहिरीचं पाणी भरत होती.

फ्रेम ७ ते १०

कोऱ्या. शेषरावनं उरलेला चहा संपवला.

फ्रेम ११

कॅमेरा ठरला. त्याला लावायची लांबची भिंगं दुकानदाराकडं दोन होती, दोन्ही जर्मन, दोन्ही वापरलेली. पाटील त्यांना दुर्बीण म्हणत होते. शेषरावनं पहिलं भिंग खिडकीकडं धरून आरपार पाहिलं. झऱ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ. दुसरं आकारानं मोठं, पितळी कड्याचं, दिसायला राजबिंडं. ते त्यानं उजेडाकडं धरलं, आणि आत, दोन काचांच्या मध्ये, त्याला बुरशी दिसली. बारीक पांढऱ्या मुळ्या, कोळ्यानं जाळं विणायला घेऊन मध्येच सोडून द्यावं तशा. मुंबईच्या पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या भिंगाला असं होतं. अशा भिंगातून समोरच्या उजेडात फोटो काढला, तर दुधात बुडवून काढल्यासारखा येतो.

त्यानं मान वर केली. दुकानदार त्याच्याकडंच पाहत होता. दुकानदारानं नजर वळवली आणि फडक्यानं टेबल पुसायला घेतलं.

पाटलांनी विचारलं, कोणती घेऊ.

"ही घ्या," शेषराव म्हणाला. "मोठी हाय. उजेड जास्त ओढते."

फ्रेम १२

परतीच्या पॅसेंजरमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत पाटील खोका मांडीवर घेऊन बसले होते. पुढं त्यांना डुलकी लागली. शेषराव खिडकीबाहेर पाहत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. आपण एकट्यानं, एक शब्द खोटा न बोलता, त्या बायांचं पाणी राखलं, असं त्याला वाटत होतं. उजेड ती दुर्बीण खरोखरच जास्त ओढत होती.

मनकर्णाला कळवावं असं बडनेऱ्याला उतरताना मनात आलं. पण कळवायचं काय? काम तर झालं होतं.

फ्रेम २३

एप्रिलमध्ये पाटील जीप घेऊन आले, रोल ठेवून गेले, दोन दिवसांनी येतो म्हणाले.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागद रसायनात बुडवला, आणि त्यातून जे वर येत गेलं ते पाहून शेषरावनं सुटकेचा निःश्वास सोडला. पांढरट विहीर. पांढरट झाडं. विहिरीच्या काठावर धुक्यात उभ्या असाव्यात अशा चार आकृत्या, तोंडाच्या जागी नुसता पुसट डाग. बाई की पुरुष, तेही सांगता येत नव्हतं. एकीच्या डाव्या कमरेवर घागर होती. लहानपणी मनकर्णाचा उजवा हात मोडला होता, तेव्हापासून ती घागर डावीकडंच घेते. हे जगात फक्त घरच्यांना माहीत होतं. अकरा फोटो झाले. अकराही तसेच.

त्या रात्री तो स्वस्थ झोपला.

फ्रेम २४

पाटलांनी अकरा फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. एकेक उचलून डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. शेषराव शिव्या ऐकायची तयारी करून उभा होता. भिंगाचं खापर दुकानदारावर कसं फोडायचं, तेही त्यानं ठरवलं होतं.

पाटलांनी पेन्सिल मागितली.

पहिल्या फोटोच्या पांढऱ्या कडेवर, पहिल्या आकृतीखाली, त्यांनी लिहिलं: देवमन मास्तर. दुसरीखाली: त्याची बायको जयवंता. तिसरीखाली: बुधाजी. बुधाजी म्हणजे मास्तराच्या अर्जावर पहिला अंगठा उठवणारा म्हातारा, त्याला दोन वर्षं डोळ्यांनी दिसत नव्हतं. चौथी आकृती तशीच सोडली. पाटील शांतपणे लिहीत होते, अक्षर वळणदार होतं. दुसरा फोटो. तिसरा. देवमन, देवमन, देवमन.

जयवंता गेला महिनाभर माहेरी वलगावला होती. तिच्या बाळंतपणानंतरचा फोटो शेषरावनंच याच धबधब्यासमोर काढला होता.

आणि तेव्हा त्याला आपण काय करून बसलो ते दिसलं. स्वच्छ भिंगात चार बाया आल्या असत्या. बुरशीच्या भिंगात अख्खी वस्ती आली होती. जिथं तोंड नाही तिथं कोणाचंही तोंड बसवता येतं.

"यात कोणी ओळखू येत नाही, पाटील."

पाटलांनी पेन्सिल खाली ठेवली. दुर्बीण खराब आहे हे घरी पोचल्यावर कळलं, म्हणाले. आधी राग आला. मग पहिला रोल तालुक्यात धुऊन पाहिला, आणि राग गेला. आता ठाणेदार म्हणतो, फोटोवाल्याचा शिक्का आणि सही लागेल.

"दुसरा फोटोवाला पाहा."

"दुसरा कायले? मनकर्णाचा भाऊ सई करते म्हटल्यावर कोण नाही म्हणन?"

फ्रेम २५ ते २९

कोऱ्या. रस्त्यावरून बर्फाची गाडी गेली. धबधबा जिथल्या तिथं.

फ्रेम ३०

शेषरावनं दौत जवळ ओढली. एक फोटो पालथा केला आणि मागं शाईनं लिहायला लागला. या फोटोतला एकही माणूस ओळखता येत नाही. भिंगाला बुरशी होती. ती पाहूनच मी हे भिंग घ्यायला लावलं.

इथं तो थांबला. एवढ्यावर कोण विश्वास ठेवील? फोटोवाला उगाच असं का करील, असं कोणीही विचारील. कारण लिहिलं नाही तर बाकीचं सगळं फुकट.

म्हणून त्यानं लिहिलं: कारण पाणी भरणाऱ्यांत माझी सख्खी बहीण मनकर्णा आहे. खाली सही केली, स्टुडिओचा शिक्का मारला. मग दुसरा फोटो पालथा केला. अकरा फोटो, अकरा वेळा तोच मजकूर. लिहिता लिहिता छाती हलकी होत गेली. देवमन सुटला. बुधाजी सुटला. आपलं काय व्हायचं ते होईल, स्टुडिओ जाईल, जाऊ दे.

पाटलांनी अडवलं नाही. अकराही फोटो मागून वाचले, सावकाश, ओठ हलवत. शेवटच्याची शाई ओली होती, तिच्यावर त्यांनी फुंकर घातली.

"तिचं नाव तुमी लिहिलं, शेषराव," ते म्हणाले. "मी लिहिलं नव्हतं. पाहून घ्या."

शेषरावनं पाहिलं. अकरा फोटोंच्या कडांवर पेन्सिलीची तीसेक नावं होती. मनकर्णाचं एकही नव्हतं. पेन्सिल खोडता येते. अकरा जागी शाईनं, भावाच्या सहीनं, शिक्क्यासकट, एकच नाव होतं.

पाटलांनी फोटो पाकिटात घातले, फोटो धुतल्याचे पैसे टेबलावर ठेवले आणि जीपमध्ये जाऊन बसले. साडेबारा झाले होते. मनकर्णाकडं जायला चांदूर बाजारची एस.टी. दीड वाजता होती.