माझं पोट आणि कुवेतचं विमान

बोलतोय तो मीच, लिब्ब. खिडकीपाशी टांगलेल्या पिंजऱ्यातला, हिरव्या पोटाचा आणि निळ्या नाकाचा बजरीगर, म्हणजे मुठीत मावणारा पोपट. आमच्या अलेक्झांड्रियात लिब्ब म्हणजे खारवून भाजलेल्या बिया. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून लोक त्या दातांनी फोडतात. ज्या पाखराला त्या सोसत नाहीत, नेमकं त्यालाच हे नाव ठेवलं. यावरून आमच्या घरच्या माणसांच्या अकलेचा अंदाज तुम्हाला आला असेल. तरी माणसं वाईट नाहीत.

माझा जन्म एका गच्चीवरचा, कबुतरांच्या खुराड्याला लागून. भावंडं पुष्कळ, जागा थोडी. आईने चोचीतून जे भरवलं त्याबरोबर एक पाहुणीही माझ्या पोटात उतरली. बुरशी. ती आली ती गेलीच नाही. ती झोपलेली असते तोवर मी राजा. ती जागी झाली की मी दिवसभर खातो आणि दिवसभर वाळतो. दाणे गेले तसेच अख्खे खाली पडतात, नाहीतर मान झटकून मी ते वरूनच उडवतो आणि माझं डोकं चिकट होऊन बसतं. मग पिसं फुगवून मी कापसाच्या बोंडासारखा दांडीवर बसतो, आणि घरातले हसेनासे होतात.

मला शुक्रवारच्या बाजारातून आणलं शाहिनाझने. लग्न होऊन कुवेतला जाताना तिने मला आईबापांपाशी सोडलं. "घर ओस पडायला नको," म्हणाली. घर ओस पडलं नाही. उलट त्यात माझ्या शिटेची चर्चा सुरू झाली.

तिची आई इन्शिराह. तिने माझी सेवा केली तशी कुणी पोटच्या पोराची करणार नाही. पिंजऱ्याखाली पांढरा कागद, म्हणजे सकाळी शीट नीट वाचता यावी. मसाल्याच्या वजनकाट्यावर रोज माझं वजन. थंडीत समुद्रावरचं वादळ सुटलं की पिंजऱ्याच्या एका बाजूला पांघरूण आणि दुसऱ्या बाजूला दिवा. उकडलेलं अंडं, भिजवलेला राळा, बारीक किसलेलं गाजर. मी गाजर तिच्या चष्म्यावर उडवायचो. ती चष्मा पुसायची आणि पुन्हा किसायची.

तिचा नवरा वगदी. त्याने आयुष्यभर ट्राम चालवली, त्यामुळे रुळावर नसलेली कुठलीही गोष्ट त्याला पटत नाही. त्याचं प्रेम वेगळ्या तऱ्हेचं. इन्शिराह स्वयंपाकघरात गेली की तो पिंजऱ्याचं दार उघडायचा, लिब्बची बी फोडायचा, गर ओठांत धरायचा आणि म्हणायचा, "ये रे माझ्या राजा." मी जायचो. खारट, ओलसर, तंबाखूचा वास. काय सांगू, फार चविष्ट.

शाहिनाझ फोनवर सारखी म्हणायची, या एकदा. पहिल्यांदा तारीख ठरली आणि मी आजारी पडलो. वगदी म्हणाला, "आता या जिवाला टाकून कसं जायचं?" जाणं रद्द. पुढच्या वर्षी शाहिनाझला दिवस गेले. पुन्हा तारीख ठरली, पुन्हा मी कापसाचं बोंड. वगदीने हात वर केले. "माझ्या हातात आहे का काही?"

इन्शिराहने त्याच्याकडे असं पाहिलं की मीच दांडीवर दोन पावलं सरकलो.

"वगदी, तू याला काही खायला घालतोस का?"

"मी? वेडी आहेस का तू?"

"मला विमानात बसायची वेळ आली की याचं पोट बिघडतं. एरवी नाही."

"मग त्यालाच विचार की."

तिने मला विचारलं नाही. बुटाच्या खोक्यात घालून ती मला डॉक्टर निर्मीनकडे घेऊन गेली. मागून वगदी, खोकत खोकत. डॉक्टरीणबाईंनी माझी शीट काचेवर घेतली, यंत्रातून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "बुरशी आहे. ती पुरती जाणार नाही, पण झोपवून ठेवता येते. मीठ नको, गारठा नको, घरात आरडाओरडा नको. आणि माणसाची थुंकी तर पाखराला विषासारखी. कुणी तोंडाने भरवत नाही ना?"

वगदी छताकडे पाहू लागला. छतावर काहीही नव्हतं.

रस्ताभर इन्शिराहने माझं खोकं वगदीच्या हाती दिलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मुद्दाम केलंस."

"देवाशपथ नाही. मला माहीत नव्हतं गं."

खरंच माहीत नव्हतं. तारखेचा विषय निघाला की तो कासावीस व्हायचा, कासावीस झाला की माझ्यापाशी यायचा, आणि माझ्यापाशी आला की भरवायचा. पण मला हे सांगता येत नव्हतं. दोघांनी जीव तोडून 'सुप्रभात' शिकवलं, मी ढिम्म. मला साधे शब्द आवडत नाहीत.

ओठांचं भरवणं बंद झालं. औषध सुरू झालं. पिवळं, घाणेरडं, छोट्या पिचकारीने थेंब थेंब. इन्शिराह मला धरायची, मी तिचं बोट चावायचो, आणि माझं वजन वाढू लागलं. शाहिनाझची वेळ जवळ आली. तिसऱ्यांदा तारीख ठरली, दोघांची तिकिटं आली, आणि मी ठणठणीत.

माझी तब्येत वगदीच्या जिवाला फार लागली. सकाळी तो पांढऱ्या कागदावर वाकायचा, चष्मा सरसावायचा. सगळं सुबक. तो सुस्कारा टाकायचा.

निघायच्या दिवशी सामान दाराशी होतं. मला न्यायला वरच्या मजल्यावरची उम्म लुत्फी आली. तिचा हात पिंजऱ्याच्या कडीला लागला आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलावं. मी मान ताठ केली आणि म्हणालो, "खॅक, खॅक. विमान पडेल गं. विमान पडेल."

उम्म लुत्फीने कडी सोडली. "अल्ला रक्षण करो. इन्शिराह, हा अपशकुन आहे. जाऊ नकोस. मुकं पाखरू बोललं."

इन्शिराह मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. तो खोकला ती रोज पहाटे ऐकत आली होती.

"वगदी," ती म्हणाली, "हे तू याला शिकवलंस?"

"शिकवलं नाही." तो बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. "बोललो असेन. कुणाशी तरी बोलावं लागतं."

"पाखराशी?"

"ते हसत नाही."

ती सुटकेसवर बसली. उम्म लुत्फीला वर जावंसं वाटत नव्हतं, पण ती गेली. अर्थात जिन्यातच थांबली असणार.

"इतकी वर्षं मला वाटलं, तुला मुलीकडे जायचंच नाही. जावई आवडत नाही म्हणून."

"जावई बरा आहे," वगदी म्हणाला. "ट्राम बिघडली तर थांबते, इन्शिराह. लोक खाली उतरतात, मला शिव्या देतात, चालत घरी जातात. ते वर बिघडलं तर? मी तर मी, पण तू त्यात असशील."

तिने डोक्यावरच्या रुमालाची गाठ घट्ट केली. मग उठली. "मी जाते. मुलीला माझी गरज आहे. तू राहा. याला सांभाळ. पण ऐक, हे आता निमित्त नाही. काम आहे."

ती गेली. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत वगदी माझा पिंजरा मांडीवर घेऊन गॅलरीत बसून राहिला, आकाशाकडे बघत, जणू नजरेनेच विमान धरून ठेवायचं होतं. वारा गार होता. त्याच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या पोटातली पाहुणी जागी झाली.

या खेपेला ती रागावून उठली होती. चार-दोन दिवसांत मी दांडीवरून खाली आलो. डोळे मिटू लागले. वगदीने वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा मी तिथंच आडवा झालो. त्याने कुवेतला फोन लावला.

"इन्शिराह, तो चालला."

"रडू नकोस. दिवा लाव. औषध काढ. आता त्याला धर."

"माझे हात बघितलेस का? चिरडून टाकेन मी त्याला."

"मान दोन बोटांत. छाती मोकळी ठेव, त्याला छातीनेच श्वास घ्यायचा असतो. डाव्या बाजूने थेंब सोड. घाई करू नकोस."

त्याचे हात ट्रामच्या दांडीसारखे थरथरत होते. मग तो पुटपुटू लागला. "शात्बी. कॅम्प सीझर. इब्राहिमिया." आपल्या ट्रामचे थांबे. "स्पोर्टिंग. क्लिओपात्रा." प्रत्येक थांब्याला एक थेंब. हात हळूहळू स्थिर झाला. मी त्याला चावलो नाही. चावायची ताकद नव्हती, आणि तसं बघितलं तर मनही नव्हतं. सिदी गाबेर आलं तोवर पिचकारी रिकामी झाली होती.

असं तो रोज सकाळ-संध्याकाळ करत राहिला. भिजवलेला राळा त्याने काडीने भरवला. त्या दिवसांत त्याने स्वतः काय खाल्लं, कोण जाणे. एका सकाळी त्याने पांढरा कागद पाहिला, आणि फोनवर झडप घातली.

"शिटला, इन्शिराह, शिटला. छान घट्ट, मधे पांढरा ठिपका, एकही दाणा अख्खा नाही."

तिकडे तेव्हा बाळाचं सातव्या दिवसाचं न्हाण चाललं होतं. फोन मोठ्या आवाजावर होता. जावयाचे सगळे नातेवाईक, मेणबत्त्या, मिठाई, आणि मधे हा आवाज. मग कुण्या बाईने जीभ हलवून आनंदाची किलकारी काढली, तिच्यामागून सगळ्यांनी. बाळासाठी की माझ्यासाठी, ते कुणाला कळलं नाही. शाहिनाझ म्हणाली, तिच्या सासऱ्यांनी वगदीचं कौतुक पहिल्यांदा तेव्हाच केलं.

आज मी म्हातारा आहे. अधूनमधून पाहुणी उठते, आम्ही तिला निजवतो. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर एवढंच मागतो. त्याला जीव लावा, पण ओठांनी नाही. ते मुकं बसलं तर हवा बदलली म्हणून सोडून देऊ नका.

परवा वगदी विमानात बसला. नात चालू लागली आहे, आणि ती त्याच्याशिवाय चालायला तयार नाही, असं तोच सांगतो. जाताना तो इन्शिराहच्या दंडाला धरून होता, आणि ती त्याला मोठ्याने थांब्यांची नावं विचारत होती.

मी उम्म लुत्फीकडे आहे. औषध कसं द्यायचं, काय द्यायचं नाही, हे वगदीने तिला पुन्हा पुन्हा बजावलं आहे, आणि ती प्रत्येक वेळी हो म्हणाली आहे. आत्ता ती पाकाने निथळणाऱ्या रव्याच्या मिठाईचा, बसबूसाचा, तुकडा बोटावर घेऊन माझ्याकडे येते आहे. "एवढ्याने काही होत नाही रे," म्हणते आहे. वास फार छान सुटलाय.

तेव्हा येतो मी. आता मला चोच घट्ट मिटून बसायचं आहे, आणि बोलता बोलता ते जमत नाही.