सत्त्याऐंशी आणि सत्त्याऐंशी

आमच्या उइला भागात कॉफी पिकवणारे पुष्कळ. पण कॉम्प्युटरवर तक्ता सजवावा तर रुबिएलनेच, असं मीच सगळ्यांना सांगत असे. रुबिएल म्हणजे मी, कॉफीवाल्यांच्या मंडळाचा सचिव. मथळा हिरवा, नावं ठळक, आकडे चौकटीच्या बरोबर मधोमध. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

त्या शनिवारी गावची चाखणी होती. प्रांताच्या स्पर्धेला गावातून एकाचीच कॉफी जायची. परीक्षक नुबियाबाईंनी चमच्याने सुर्र सुर्र ओढत कपांना गुण दिले, मी नावांपुढे भरले. पण त्या गुण देतात पाव-पाव करून. कुणाला पाव जास्त, कुणाला पाऊण. सगळी रांग वेडीवाकडी दिसायला लागली. मला बघवेना. एक बटण दाबलं, दशांशाच्या स्वल्पविरामामागची शेपटं गायब. तक्ता काय देखणा झाला!

भिंतीवर मोठा करून दाखवला. एतेल्विना ८७, डॉन आर्सेसिओ ८७. बरोबरी झाली तर वयाने मोठा जातो, ही आमची रीत. डॉन आर्सेसिओ सत्तरीचे, म्हणून मानाने 'डॉन', आणि माझे सासरे. टाळ्या पडल्या, स्पर्धेचा अर्ज त्यांच्या खिशात गेला. एतेल्विनाचं हे पहिलंच पीक. "पुढच्या वर्षी बघू," म्हणत ती कप विसळायला लागली. तिकडे माझ्या बायकोने कोंबडी कापायला घेतली.

सासऱ्यांचा आकडा लाल करावा म्हणून मी त्या चौकटीवर टिचकी मारली. वरच्या पट्टीत उमटलं ८६,७५. एतेल्विनाची चौकट उघडली, तर ८७,२५. पावणेसत्त्याऐंशी आणि सव्वासत्त्याऐंशी, दोघांना माझ्या टापटिपीने एका मापाचं करून टाकलं होतं.

नुबियाबाईंना कपांचे नंबर ठाऊक, नावं नाहीत. आणि त्या जेवायला गेल्या होत्या. दोन्हीकडे नुसतं ८७ लिहिलं की झाकली मूठ. मी आठ दाबलासुद्धा. मग स्वतःचीच शरम वाटली आणि तो खोडला.

"डॉन आर्सेसिओ, घोळ झालाय. माझाच. एतेल्विना अर्ध्या गुणाने पुढे आहे."

"कोंबडी कापून झाल्यावर सुचलं होय, जावईबापू?"

लोक खो-खो हसले. एतेल्विना हसली नाही. ओला कप हातात धरून ती सासऱ्यांकडे बघत राहिली.

म्हातारा उठला. "हिची कॉफी मी सकाळीच चाखली होती," ते म्हणाले. "पन्नास वर्षं पितोय, मला कळलं नसेल होय? तुझा तक्ता बरोबरी म्हणाला. मला ते बरं पडलं, म्हणून गप्प बसलो."

त्यांनी खिशातून स्पर्धेचा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला.

"घे पोरी. आणि तूच भर हो. ह्याच्या हातात दिलास तर सजवत बसेल."

तिने कप खाली ठेवला, ओले हात पुसले आणि माझ्याकडून फक्त पेन घेतलं.