आत्या हा संदर्भ होत नाही

आमच्या सरांच्या मते आत्या हा संदर्भ होत नाही. छापील हवं. माझा शोधनिबंध होता काडेपेटीच्या कारखान्यातल्या बायकांच्या संपावर आणि त्या संपात माझी सख्खी आत्या होती. पण तिला ना प्रकाशक, ना पृष्ठक्रमांक. संदर्भसूचीत ती दिसली तर निबंध नापास, म्हणजे वर्ष वाया, असं सरांनी हसत सांगितलं. वाईट बातमी ते नेहमी हसतच देतात.

मग काय, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठवडाभर ग्रंथालयात ठाण मांडून पाच पुस्तकं मिळवली. पाचांचंही एकमत: संप नऊ दिवस चालला. आत्या म्हणते बावीस. पहिल्या विद्वानाने दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि एकमेकांचं बोट धरून सगळे पोहोचले आमच्याच सरांच्या पुस्तकापाशी. तिथे तळटीप सात: 'पॅकिंग खात्यातील एका कामगार स्त्रीशी प्रत्यक्ष संभाषण.' म्हणजे सरांना बाई चालते, फक्त ती माझी आत्या नको.

आत्याही पॅकिंग खात्यातच होती, त्यामुळे शंका आली म्हणून पुस्तक घरी नेलं. आत्याने मागच्या पानावरचा सरांचा फोटो हात लांब करून पाहिला आणि लगेच ओळखला. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन आला होता म्हणाली, तेव्हा डोक्यावर केस होते. नऊ दिवस तिनेच सांगितले होते.

माझं डोकंच फिरलं. हिच्या एका थापेवर पाच पुस्तकं उभी आणि वर्ष माझं जाणार.

"खोटं का सांगितलंस?"

"त्याच्या शेजारी मुकादम उभा होता," आत्या म्हणाली. "कंपनी नऊ म्हणायची. बावीस म्हणणाऱ्या दोघींना घरी बसवलं होतं. तुझ्या बापाची फी तेव्हा मी भरत होते."

मला माझीच लाज वाटली. त्याच दिवशी मी निबंधात बावीस लिहिले आणि खाली तळटीप दिली: 'त्याच कामगार स्त्रीशी प्रत्यक्ष संभाषण. या वेळी शेजारी मुकादम नव्हता.' वर्ष जायचं तर जाऊ दे म्हटलं.

सरांनी माझ्यासमोरच वाचलं. तळटीप बोट ठेवून पुन्हा वाचली. हसले नाहीत, म्हणजे मी पास.

"पण मुकादम तर," ते हळूच म्हणाले, "मला फक्त वाट दाखवायला आला होता."